मटकी वेगळी, हुलगे वेगळे

हुसेनबीनं निवडलेल्या मालात खडा निघाला, तर तो दुकानदारानंच नंतर टाकलेला असणार, असं कुरकुंभला आमच्या आळीतल्या बायका म्हणायच्या. इतका तिच्या हातावर सगळ्यांचा भरवसा होता. दौंडच्या बाजारातले दोन-तीन किराणावाले तिच्याकडं पोत्यानं माल पाठवायचे. मटकी, हुलगे, तूर, तीळ, धने, काय असेल ते. तिचा मुलगा सोहेब टेम्पो चालवतो. तोच पोती आणून टाकायचा आणि निवडून झाली की घेऊन जायचा. मधलं सगळं हुसेनबीचं. आधी चाळण, मग सूप, मग परात. आणि सगळ्यात शेवटी ती डोळे मिटून परातीतल्या धान्यावरून उलटा हात फिरवायची. डोळ्यांना चुकवून राहिलेला खडा तिच्या हाताला बरोबर लागायचा.

"डोळं फसत्यात बाबा," ती म्हणायची, "हात न्हाई फसत."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, ही बाई लबाड होती. ती लबाड नव्हती. लबाड मी आहे, आणि हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.

मी विश्वजीत. गाव शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई, पण पोट भरतं कुरकुंभच्या एमआयडीसीत. औषधांचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. लग्न झाल्यावर अनिताला घेऊन आलो तो हुसेनबीच्याच दोन खोल्यांत. पलीकडच्या खोलीत ती एकटी राहायची. तिचे मालक, सुभानमामा, आम्ही येण्याआधीच वारले होते. दोन्ही दारांना मिळून एकच ओटा होता आणि त्या ओट्यावर आमचे संसार कधी एक झाले ते कळलं नाही. माझ्या आईनं स्वयंपाकघरातला डबा इकडचा तिकडं केला तरी अनिताचं तोंड व्हायचं एवढं, पण हुसेनबीनं येऊन भाजीत मीठ टाकलेलं तिला चालायचं. आमची वैष्णवी तर पायावर उभी राहिली ती हुसेनबीच्या सुपाला धरून. ती तिला बीआजी म्हणायची.

कोरोना आला तेव्हा देश बंद झाला, आमची कंपनी नाही. औषधं लागत होती. आम्हाला पास मिळाले, चौकात पोलीस पास बघून सोडायचे, आणि खरं सांगतो, मला त्याचा माज आला होता. दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, निम्मी माणसं आजारी नाहीतर गावी. सुपरवायझर म्हणायचा डबल कर, मी डबल करायचो. फर्स्ट शिफ्टला गेलेला माणूस सेकंड संपवूनच घरी. अनिता दारात बादली घेऊन उभी असायची, आधी अंघोळ, मग पोरगी.

त्यात मला खोकला लागला.

आता आमच्या प्लँटला कोण खोकत नाही? सॉल्व्हंटचा ड्रम उघडला की घसा धरतो, दोन-चार दिवस ठसका राहतो, गुळाचा खडा तोंडात धरला की जातो. आणि वास? नाक तर माझं नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी गेलं. घरात भजी तळली तर मला डोळ्यांनी बघितल्यावर कळतं. सगळं जग वास गेला म्हणून घाबरत होतं, आणि मला जायला काही उरलंच नव्हतं. अनिता दोनदा म्हणाली, टेस्ट करून या. मी म्हणालो, "कंपनीचा खोकला हाय ह्यो. माझ्या वळखीचाय."

पाच दिवस मी तो ओळखीचा खोकला घरात घेऊन झोपलो. सहाव्या दिवशी अनिताला ताप आला.

दोघंही पॉझिटिव्ह निघालो, वैष्णवी निगेटिव्ह. दोघांनाही दौंडच्या कोविड सेंटरात नेलं. अनिताचा ऑक्सिजन त्याच संध्याकाळी खाली आला. माझा भाऊ दत्ता गाडी घेऊन धावला, आणि त्याला शिरूरच्या एका दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला. पण घरातून निघायच्या आधी प्रश्न पोरीचा होता. पोरगी कवठ्याला पाठवावी, तर तिथं घरी आईला आणि दत्ताच्या दोन्ही पोरांना ताप, आणि गावानं वेशीवर आडवी बैलगाडी लावलेली. अँब्युलन्स दारात उभी होती. पाच वर्षांचं लेकरू कुणाच्या हातात द्यायचं ते आम्हाला सुचेना. तेवढ्यात बघतो तर हुसेनबी वाळत घातलेले वैष्णवीचे फ्रॉक गोळा करत होती.

"पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल," ती म्हणाली. "तुम्ही जावा."

सोहेबनं दौंडहून फोन करून आरडाओरडा केला म्हणे. तुझं वय काय, तुझं बीपी काय, कुणाची पोर घेऊन बसलीस. "तू तुझा टेम्पो सांभाळ," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. वैष्णवी सकाळपासून ओट्याच्या पायरीवर बसलेली. जेवत नाही, आत येत नाही, रस्त्यावर गाडी वाजली की उठून बघते.

"काय सांगू रं तिला?"

"काहीबी सांगा मावशी. मम्मी येतीय म्हणा."

"कवा म्हणून इचारलं तर?"

मी खाटेवर पडलो होतो, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र, डोकं फुटत होतं. "कायतरी काम लावा तिच्या हाताला," मी म्हणालो. "ह्ये संपलं की येईल म्हणा."

म्हणजे युक्ती माझी. हुसेनबीची नाही.

दुकानं बंद म्हणून तिच्याकडं बाहेरचा माल नव्हता. घरात खायला ठेवलेली दोनेक किलो मटकी होती आणि तेवढेच हुलगे. तिनं दोन्ही परातीत ओतून एक केले. दोन्ही बारीक, दोन्ही तपकिरी, पोरीचा वेळ जावा म्हणून तिनं मुद्दाम असं धान्य घेतलं होतं. "ह्ये येगळं येगळं कर माझी बाय," तिनं सांगितलं. "समदं झालं की तुझी मम्मी येतीय बघ."

पायरीवरची पोर उठून आत आली आणि परातीसमोर बसली.

हुसेनबीनं त्या एका परातीवर पोरीचा सगळा दिवस बसवला. सकाळी दहा मुठी झाल्या की दूध-भाकरी. मग सागरगोट्यांचा एक डाव. मग पुन्हा पाच मुठी, मग न्हाणं. निवडलेल्या मटकीनं फरशीवर मोर काढायचा, हुलग्यांची गाडी काढायची, त्या गाडीत बसून मम्मी कुठपर्यंत आली ते सांगायचं. सापडलेल्या खड्यांना नावं ठेवली होती. सगळ्यात मोठ्या खड्याचं नाव सुपरवायझर. एकदा पोरीनं हुलगा नाकात घातला, तो हुसेनबीनं तिला तपकिरीचा वास देऊन शिंकून काढला, आणि मग दोघी हसून हसून लोळल्या. हे सगळं मला व्हिडिओ कॉलवर कळायचं. वैष्णवी मोबाईल परातीवर धरायची.

"पप्पा बघा. मटकी वेगळी, हुलगे वेगळे. मम्मीला सांगा, थोडंच राह्यलंय."

शेजारच्या खाटांवरचे लोक माना वर करून बघायचे. पोरगी लई हुशार हाय राव, म्हणायचे. कुणी विचारलं तर मी माझी युक्ती सांगायचो. मला तिचं कौतुक वाटत होतं, युक्तीचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हुसेनबीचा फोन. आवाज दबका.

"इश्वजीत, पोरीनं संपवलं रं समदं. दानान् दाना. आन् आता न्हाऊन, येणी घालून बसलीया. मम्मी कवा येती म्हणती. आता?"

मी एक क्षणही विचार केला नाही.

"परत मिसळा."

तिला ते खरं वाटेना.

"निवडल्याला माल परत मिसळू?" ती म्हणाली. "मी?"

"ती झोपली की मिसळा. दुपारी झोपतीच की ती." कंपनीत शिफ्ट लावतात तशी मी वेळसुद्धा लावून दिली.

तीस वर्षं त्या बाईनं लोकांच्या धान्यातला खडा बाजूला काढला होता. त्या दुपारी वैष्णवी झोपल्यावर तिनं दोन्ही डबे परातीत उलटे केले आणि हातानं कालवले. पोर उठली, परात भरलेली बघितली आणि म्हणाली, "अजून राह्यलंय व्हय?" हुसेनबी म्हणाली, "राह्यलं बाय." पोरगी पुन्हा मांडी घालून बसली.

मग ते रोजचंच झालं. वैष्णवीचा हात चालायला लागला, दोन दिवसांचं काम ती सकाळी सुरू करून दुपारपर्यंत उरकायची. दुपारी ती झोपायची आणि हुसेनबी मिसळायची.

अनिताशी माझं एकदाच नीट बोलणं झालं, सहाव्या दिवशी. तोंडावर मास्क होता, शब्द तुटत होते. वैशू जेवती का, हा पहिला प्रश्न. मी तिला परातीची सगळी गंमत सांगितली. ती हसली असावी, मग खोकली.

"लबाडी करताय पोरीसंगं," ती म्हणाली. "मी आल्यावर नाव सांगणार हाय तिला तुमचं."

अकराव्या दिवशी सकाळी दत्ताचा फोन आला. तो नुसता "दादा, दादा" करत होता. शिरूरला नगरपालिकेच्या माणसांनी सगळं केलं, दत्ता लांब उभा राहिला. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. माझे अजून सहा दिवस सेंटरात बाकी होते.

मी हुसेनबीला फोन लावला. अनिता गेली, एवढंच म्हणालो. तिच्या मागं ताटात दाणे पडल्याचा आवाज येत होता, टप, टप, एकेक. वैष्णवी निवडत होती.

"तिला सांगू नका," मी म्हणालो. "मी येऊन सांगतो. तवर चालू द्या."

"आता कशापायी रं?" तिचा आवाज फुटला. "आता कुणाची वाट बघाय लावू तिला?"

"चालू द्या म्हणतो ना!" मी ओरडलो. वॉर्डातले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

तिनं चालू दिलं. सहा दिवस, आई नाही हे माहीत असताना, ती बाई रोज दुपारी धान्य मिसळत राहिली. मी हे तिला करायला लावलं, कारण मला माझ्या पोरीचं रडणं फोनवर ऐकायचं नव्हतं. तिच्यासाठी मुळीच नाही, माझ्यासाठी. ही गोष्ट मी कितीही उलटीपालटी करून बघितली तरी दुसरं काही निघत नाही.

घरी आलो तेव्हा वैष्णवी ओट्यावर होती. मी तिला जवळ घेतलं आणि भिंतीकडं बघत सांगितलं की मम्मी आता येणार नाही, मम्मी देवाघरी गेली. वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिनं मान वळवून हुसेनबीच्या दाराकडं बघितलं.

"बीआजीनं मिसळलं म्हणून," ती म्हणाली.

"काय?"

"मी झोपले नव्हते. मी वढणीतून बघितलं. माझं सगळं झालं होतं पप्पा. मटकी वेगळी, हुलगे वेगळे. मम्मी यायची होती. बीआजीनं परत एक केलं. रोज करती ती."

हुसेनबी माझ्यासाठी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकलं. तिनं पोरीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. वैशू, मीच तिला सांगितलं होतं. बस, एवढं.

मी म्हणालो, "चल, कवठ्याला आजीकडं जाऊ."

चहा तसाच राहिला.

कवठ्याला वैष्णवीनं तेच माझ्या आईला सांगितलं. आई, अनसाबाई म्हणजे तोंडाची तिखट, त्यात तरणी सून गेलेली. तिनं हुसेनबीचा उद्धार केला. पोर परक्याच्या हातात दिली, चेटकिणीवानी पोरीला राबवली, आन् वर खोटं बोलली. आल्यागेल्याला सांगितलं. सांत्वनाला आलेल्या बाया च्च च्च करायच्या. मी तिथंच बसलेला असायचो, डोक्यावरून टॉवेल घेऊन. लोकांना वाटायचं, दुःखात आहे. दुःख होतंच. पण टॉवेलाखाली मी लपलो पण होतो.

महिन्याभरानं हुसेनबी आली. कुरकुंभहून कवठ्यापर्यंत, कधी एसटी, कधी वडाप असं करत, त्या दिवसांत. हातात पिशवी, पिशवीत वैष्णवीचे राहिलेले फ्रॉक, धुऊन घडी घातलेले, आणि सागरगोटे. वैष्णवीनं तिला बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. आई बोलायची ते बोलली. हुसेनबीनं सगळं ऐकून घेतलं. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. मी गोठ्यातल्या म्हशीकडं बघत उभा होतो. ती तांब्याभर पाणी प्यायली, पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली.

मी कुरकुंभच्या खोल्या सोडल्या. दौंडला एका मित्राबरोबर राहायला लागलो, सुट्टीच्या दिवशी कवठ्याला. कंपनीत जायला हुसेनबीच्या आळीवरून सरळ रस्ता आहे. मी चार वर्षं मागून वळसा घालून गेलो. एका म्हाताऱ्या बाईला घाबरून.

वैष्णवी वाढली. अभ्यासात बरी आहे, आजीसारखीच फटकळ आहे. पण शाळेत खिचडीऐवजी मटकीची उसळ असली की डबा झाकून बाहेर येते, असं बाईंनी सांगितलं. आणि ती दुपारी झोपत नाही. ताप असला तरी नाही. एकदा उन्हाळ्यात सगळं घर झोपलेलं, ही एकटी भिंतीला टेकून बसलेली, डोळे ताणून. मी म्हणालो, पड की जरा. "नको," म्हणाली. का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

गेल्या मे महिन्यात दौंडच्या बाजारात आईनं सांगितलेली डाळ घेत होतो. दुकानदार जुना ओळखीचा. मी सवयीनं म्हणालो, हुसेनबीच्या हातची आहे का?

"न्हाई हो. तिला माल देत न्हाई आता," तो म्हणाला. "खडं निघत्यात. डोळ्याचं आपरेशन झालं, दिसतंय चांगलं, तरी खडं. गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकतंय."

मी गाडी काढली आणि चार वर्षांनी सरळ रस्त्यानं गेलो.

ती ओट्यावरच होती. सूप भिंतीला टांगलेलं. खूप वाळली होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि जणू कालच गेलो होतो अशा आवाजात म्हणाली, "बस. जेवलास?"

मी दुकानदाराचं विचारलं. ती हाताकडं बघायला लागली.

"डोळं हायेत. हात गेला," ती म्हणाली. "उलटा हात फिरवती, कायबी लागत न्हाई. ज्या हातानं निवडल्यालं मिसळलं, त्या हाताला आता खडा कसा लागंल? लेकरासंगं खोटेपणा केला मी. आल्ला बघतोय."

"मावशी, तुम्ही न्हाई केला. मी करायला लावला."

"हात माझा व्हता."

मला बसवेना. मी उभा राहिलो, परत बसलो. चार वर्षं मनात अडकलेलं ते शेवटी विचारलं. "मावशी, तुम्ही कवठ्याला आला होता. आई एवढी बोलली. वैशूसमोर तुम्ही सांगितलं का न्हाई, की मी म्हणलो होतो म्हणून?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की हेही तुला सांगायला लागतं का.

"आई गेल्याली पोर ती," हुसेनबी म्हणाली. "तिचा बाप बी घालवू व्हय मी?"

मी तिच्या ओट्यावर बसून रडलो. शेजारची सून बाहेर येऊन बघून गेली. हुसेनबीनं मला गप्प केलं नाही आणि पाठीवरून हातही फिरवला नाही. ती नुसती बसून राहिली.

पुढच्या सुट्टीला मी कवठ्याला गेलो आणि वैष्णवीला म्हणालो, चल, कुरकुंभला जायचंय. तिनं विचारलं कशाला, मी म्हणालो, सांगतो. आई ओट्यावरून ओरडत राहिली. शिरूर गेलं, न्हावरं गेलं, मी गाडी चालवतच राहिलो. न्हावऱ्याच्या पुढं भीमेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडं लिंबाखाली मी गाडी थांबवली. म्हणालो, उतर.

मी सांगितलं. या वेळी भिंत नव्हती, तिच्याकडंच बघायला लागलं. काम लावा हे मी म्हणालो होतो. संपलं की मम्मी येईल हेही मीच. आणि परत मिसळा, तेही मी. बीआजी नको म्हणत होती.

वैष्णवी दहा वर्षांची आहे. ती ऐकत होती आणि चपलेनं माती उकरत होती. मग तिनं विचारलं, "तेव्हा मम्मी होती का?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि जिभेवर आलंही होतं.

"अकरा दिवस होती," मी म्हणालो. "मग न्हाई."

"आणि मी किती दिवस निवडलं?"

"पंधरा-सोळा."

तिनं मनात हिशेब केला. तिचे ओठ हलताना मला दिसले.

"मग शेवटी मी कुणासाठी निवडत होते?"

माझ्यासाठी, असं म्हणायला हवं होतं, पण तेवढं धाडस अजूनही नव्हतं. ती जाऊन गाडीवर बसली. येताना माझा शर्ट धरून बसली होती, आता मागचं लोखंडी कॅरिअर धरलं.

हुसेनबी आम्हाला बघून उभी राहिली आणि भिंतीला टेकली. वैष्णवी ओट्याच्या पायरीवर थांबली, त्याच पायरीवर. मला वाटलं ती आत जाणार नाही. मग तिनं चपला काढल्या, वर गेली आणि विचारलं, "परात कुठाय?"

हुसेनबीनं आत बोट दाखवलं. वैष्णवीनं परात आणली. फळीवर दोन डबे होते, तिनं न विचारता काढले. मटकी आणि हुलगे. तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही परातीत ओतले, कालवले, आणि मांडी घालून बसली. हुसेनबी तिच्या समोर बसली. दोघी निवडायला लागल्या. वैष्णवीचा हात भराभर चालत होता, हुसेनबीचा सावकाश. मध्येच वैष्णवी म्हणायची, "बीआजी, हा खडा," आणि तिच्या तळहातावर ठेवायची. हुसेनबी तो बोटांनी चाचपायची.

"सुपरवायझर हाय का?" हुसेनबीनं एकदा विचारलं. वैष्णवी हसली नाही, पण तिनं तो खडा वेगळा ठेवला.

मी पायरीवर बसलो होतो. मला कुणी वर बोलावलं नाही. दुपार झाली, ऊन पायांवर आलं, ओट्यावर दाणे पडल्याचा आवाज येत राहिला. फोनवर ऐकला होता तोच. हुसेनबीला बसल्या बसल्या डुलकी लागली. वैष्णवी एकटीच निवडत होती.

चार वाजता सगळं झालं. तिनं मटकी एका डब्यात भरली, हुलगे दुसऱ्यात. दोन्ही झाकणं तळहातानं दाबून घट्ट बसवली. एक डबा वरच्या फळीवर ठेवला, दुसरा खाली कोपऱ्यात, जितका लांब ठेवता येईल तितका. मग ती बाहेर आली आणि पुलानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पप्पा," ती म्हणाली, "आता तिला परत मिसळायला सांगायचं नाही."

"न्हाई सांगणार," मी म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग वळली, ओट्यावर झोपलेल्या हुसेनबीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.